तिसऱ्या डब्याचं पाणी

"पाण्यावाचून मारायचीच होती, तर पेरली कशाला, म्हणते मी."

इंदूवन्सं हे माझ्या कानाजवळ बोलल्या, पण माझ्याशी नाही. मागच्या ओट्यावर आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. त्या देवीसाठी वाती वळत होत्या, मी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हूक लावत होते, आणि समोरच्या कट्ट्यावर श्रीखंडाचे तीन डबे ओळीनं मांडले होते. श्रीखंड गेल्या पाडव्यालाच संपलेलं. आता त्यांत माती होती आणि मातीत ज्वारीची बोटभर रोपं. माझ्या लेकीनं, केतकीनं, डब्यांवर जाड पेनानं एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. वन्सं बोलत होत्या ते तीन नंबरशी.

मी मान खाली घालून हूक लावत राहिले. कारण तासाभरापूर्वीच मी तीन नंबरला गुपचूप पाणी घातलं होतं.

या गोष्टीला आता सात वर्षं होतील. तो डबा अजून माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. त्यात मी बटणं ठेवते.

केतकी तेव्हा बार्शीतच अकरावी सायन्सला होती. एका मोठ्या विज्ञान संस्थेनं हुशार पोरांसाठी ऑनलाइन कोर्स काढला होता. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांनी बी.एस्सी.चा अभ्यास घरी बसून करायचा. घरी बसून कॉलेज होतं हे ऐकून वन्संनी, मग आम्हाला एवढी वर्षं घरी बसवलं ते काय वाईट होतं, असं विचारलं होतं. केतकीनं वनस्पतिशास्त्र घेतलं. चाळणी परीक्षेत जिल्ह्यातून ती एकटीच निघाली, आणि आमच्या घरात संध्याकाळी सात वाजता देऊस्कर मॅडम यायला लागल्या. लॅपटॉपमधून, पण यायला लागल्या. वन्सं त्यांच्यासाठी पदर नीट करून बसायच्या.

मी तर पुरती वाहवले. सात वाजले की मी मशीन बंद करायची आणि मेथीची जुडी घेऊन टेबलाच्या पायाशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी बसायची. माझी दहावी झाली आणि लगेच लग्न झालं. पुढचं सगळं मी मिळेल तिथनं उचललेलं: रेडिओवरनं, गिऱ्हाइकांच्या पोरांच्या पुस्तकांतनं, आणि आता टेबलाखालनं. मॅडम मूळच्या सांगलीच्या, त्यामुळं इंग्रजीत अडलं की मराठीत उतरायच्या. माझ्या मापांच्या वहीत एका पानावर कुणाची छाती-कंबर आणि समोरच्या पानावर प्रकाशसंश्लेषण, असा संसार सुरू झाला. एकदा चुकून मी एका बाईला तुमच्या पर्णरंध्रांना थोडी ढील ठेवू का, असं विचारलं होतं.

आता कोर्सची मेख सांगते. ऑनलाइन असल्यामुळं प्रयोगशाळा नाही, म्हणून शेवटचा प्रयोग प्रत्येकानं आपल्या घरी करायचा आणि सगळ्यांपुढं मांडायचा. त्यावरनं बारा मुलं निवडणार होते. त्यांना दिवाळीनंतर महिनाभर संस्थेत राहायला बोलावणार, आणि तिथं जी टिकतील त्यांना बारावीनंतर पाच वर्षं तिथंच शिकवणार. संस्था म्हणजे आमच्यापासून दोन रात्रींचा रेल्वेप्रवास.

फॉर्म भरताना केतकीनं वडिलांना सरळ विचारलं होतं. हे एस.टी.त कंडक्टर. म्हणाले, नंबर लागला तर सोडतो. बार्शीचा नंबर कुठं लागतोय, अशी खात्री असली की माणूस जेवढा उदार होतो तेवढे ते झाले. पण ह्यांचा शब्द म्हणजे शब्द. लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा ह्यांच्या गाडीत बसली, तेव्हा पैसे घेऊन वैरागपर्यंतचं तिकीट फाडून त्यांनी तिच्या हातात दिलं होतं, आणि वर सांभाळून ठेवा, चेकर येतो म्हणून सांगितलं होतं. आई मरेपर्यंत ते सांगायची. निम्मं कौतुकानं, निम्मं नाही.

केतकी चाळणीतनं निघाली तसा 'दिवाळीनंतर' हा शब्दच आमच्या घरातनं उठला. आम्ही सगळं दिवाळीपर्यंतच बोलायचो. वन्संनी बार्शीच्या उन्हात जांभळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

तर प्रयोग. ज्वारीला पाणी कमी पडलं तर ती काय करते, एवढंच बघायचं होतं. आठ दिवस तिन्ही डब्यांना सारखं पाणी दिलं. मग घटस्थापनेच्या दिवसापासून एक नंबरला रोज वीस मिलि, दोन नंबरला दहा, तीन नंबरला काही नाही. रोज उंची मोजायची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा तोलायचा. मॅडमनी बजावलं होतं, रोप वाळायला लागलं तर वाळू द्या, ते वाळणं हीच तुमची माहिती आहे. हे वाक्य मी मापांच्या वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ड्युटीवरनं आल्यावर हे बराच वेळ डब्यांपाशी उभे राहिले.

"तीन नंबरला समजा कुणी पाणी घातलं तर?"

"तर प्रयोग बाद, पप्पा."

"किती घातलं म्हणजे बाद?"

केतकी हसली. वीस घातलं तर तीन नंबरचा एक नंबरच होईल की, म्हणाली. ह्यांनी मान हलवली आणि हात-पाय धुवायला गेले. मला वाटलं, बापाला पोरीच्या अभ्यासात रस आला. मी त्या रात्री भाकरीवर तूप जास्त घातलं.

आता अडचण अशी की, त्याच दिवशी देवघरात घट बसले होते. परडीत माती, मातीत धान्य, मधोमध पाण्याचा घट. नऊ दिवसांत जेवढं उंच उगवेल तेवढं घराचं वर्ष चांगलं, हे वन्संचं गणित आणि त्यांच्या आईचंही. म्हणजे देवघरात एक परडी आणि ओट्यावर तीन डबे, असा चौघांचा हिशोब घरभर सुरू झाला. आमच्याकडं उगवलं म्हणजे पास आणि वाळलं म्हणजे नापास. वन्संनी तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना खाऊ घातलं होतं. दुसऱ्याचं लेकरू सुकलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप डब्याकडं जायचा.

तिसऱ्या दिवशी तीन नंबरनं मान टाकली. पानं दोऱ्यासारखी वळली. वन्संनी उपासाची भगर अर्धी टाकून दिली. घटाच्या दिवसांत घरात वाळकं नको, एवढं बोलून त्या स्वेटर विणायला बसल्या आणि दहा टाके चुकल्या.

माझं म्हणाल, तर मला सगळं कळत होतं. म्हणून तर माझा गुन्हा मोठा. चौथ्या दिवशी केतकी पावणेअकराला अंघोळीला गेली, बाथरूममधलं गाणं सुरू झालं, आणि मी बघितलं तर माझ्या हातात चहाचा चमचा होता. दोन चमचे म्हणजे काही माहिती नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पोरीचा प्रयोग चांगला दिसायला नको का? बाकीच्यांच्या घरी सगळं हिरवंगार असेल आणि आमचं पोर वाळकं घेऊन उभं राहणार. त्या वेळी ह्या युक्तिवादात मला कुठंच भोक दिसलं नाही.

मग गंमत सुरू झाली. पाचव्या दिवशी तीन नंबर उठून बसला. सहाव्या दिवशी त्यानं दोन नंबरला मागं टाकलं. सातव्या दिवशी तो एक नंबरपेक्षा नखभर उंच होता आणि वाऱ्यावर असा डोलत होता की बघणाऱ्याला लाज वाटावी. खरे हाल झाले ते दोन नंबरचे. त्याला रोज दहा मिलि मिळतंय म्हणून कुणाला त्याची दया आली नाही. मधल्या पोराचं असतं तसं. तो बिचारा पिवळा पडत गेला.

दोन चमच्यांत एवढी जादू असेल असं मला वाटलं नव्हतं. सुरुवातीला मी घाबरले, मग मला माझ्या हाताचाच अभिमान वाटायला लागला. काहीतरी गुण असणार, नाहीतर माझं लोणचं का नासत नाही? वन्सं आरतीला सूर चढवून म्हणायला लागल्या आणि देवीपुढं डोळे मिटले की गालात हसायच्या. हे रोज संध्याकाळी येऊन तीन नंबरकडं कपाळाला आठ्या घालून बघायचे, जणू डेपोचा हिशोब लागत नाहीये. मी म्हटलं, बघा, चांगलं आलंय ना? ते म्हणाले, जरा जास्तच चांगलं आलंय.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात रोज सकाळी खोकल्याच्या औषधाचं छोटं माप मला ओट्यावर ओलं, पालथं घातलेलं सापडायचं. कुणाला खोकला नव्हता. मी उचलून फळीवर ठेवायची, इतकंच.

केतकीला मात्र काही आश्चर्यच वाटत नव्हतं. आधी ती दिवसातनं एकदा डबे तोलायची, आता चारदा तोलायला लागली. सकाळी उठल्यावर, कॉलेजला जाताना, आल्यावर आणि जेवणानंतर. आकडे लिहायची आणि पेनचं टोपण चावत एकटीच हसायची. सहाव्या दिवशी मला राहवेना. कबूल करायचं म्हणून मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"आई, तुला काही सांगायचंय का?" ती वर न बघता म्हणाली.

"भाजी कसली करू विचारायला आले."

"बरं." तिनं घड्याळात बघितलं आणि वहीत काहीतरी टिपलं. भाजीचं काही सांगितलं नाही.

प्रयोग मांडायचा दिवस नवमीला आला, रविवारी, सकाळी अकरा वाजता. ह्यांनी ड्युटी बदलून घेतली होती. मी भिंतीवर इस्त्रीची चादर लावली. वन्सं खाटेवर स्वेटर घेऊन, मी मशीनच्या स्टुलावर, हे दाराच्या चौकटीला टेकून, असे तिघं कॅमेऱ्याच्या बाहेर बसलो. पडद्यावर चाळीस चौकोनांत चाळीस पोरं होती, आणि वरच्या चौकोनात मॅडम. केतकीच्या आधी एका मुलानं बटाट्याच्या फोडी दाखवल्या, एका मुलीनं पाण्यातल्या शेवाळाचे बुडबुडे मोजले. मग आमचं नाव आलं.

केतकीनं तिन्ही डबे कॅमेऱ्यापुढं धरले. सुकलेला दोन नंबर आणि डोलणारा तीन नंबर शेजारी शेजारी बघून मॅडमनी चष्मा पुढं ओढला. हे पाण्याशिवाय आलंय? त्यांनी विचारलं. कुठलं बियाणं आहे, म्हणाल्या. मला थोडं पाठवशील का?

आता हे बियाणं संस्थेत जाणार, तिथून आणखी कुठं जाणार, दुष्काळी भागात माझ्या दोन चमच्यांच्या भरवशावर लोक ज्वारी पेरणार. मी वन्संकडं बघितलं तर त्यांची सुई थांबली होती. चोराच्या मनात असतं ते त्यांच्या तोंडावर होतं, पण मला वाटलं, ते माझंच त्यांच्या तोंडावर दिसतंय.

"नाही मॅडम," केतकी म्हणाली. "बियाण्याचं काही नाही. ह्या डब्याला पाणी मिळालंय. मी दिलं नाही, पण मिळालंय."

मग तिनं पडद्यावर आलेख लावला. डब्याचं वजन दर दिवशी उतरत जायला हवं होतं, ते दिवसातनं तीनदा वर उडी मारत होतं. पाचव्या दिवशीच तिच्या लक्षात आलं होतं. मूळ प्रयोग तेव्हाच संपला, म्हणून तिनं तोच डबा पुढं ठेवला आणि नवा प्रश्न घेतला: न सांगता मिळणारं पाणी कुठून येतं आणि किती येतं? पाण्याचे तीन उगम सापडले, त्यांना तिनं क, ख, ग अशी नावं दिली होती. उगम क, रात्रीचं जेवण ते सकाळी सहाच्या दरम्यान, रोज अगदी वीस मिलि, थेंब इकडचा तिकडं नाही. उगम ख, सकाळी अंघोळीच्या वेळात, कधी आठ, कधी पंधरा, कधी विसरूनही जातो. उगम ग, दुपारी, रोज एक पळीभर, आणि त्या पाण्यात हळद असते.

चाळीस चौकोनांत हसू फुटायला लागलं. मी स्टुलावर बसल्या जागी लहान लहान होत गेले. विसरूनही जातो, हे तेवढं खोटं होतं. एकदाच विसरले होते.

मॅडमनी ओठ दाबून विचारलं, हे उगम घरातलेच आहेत का? केतकी म्हणाली, नावं मी लिहिलेली नाहीत मॅडम, कुणी स्वतःहून सांगतंय का याची वाट बघत होते. कुणी सांगितलं नाही.

तेव्हा वन्सं उठल्या. लोकरीचा गुंडा खाटेखाली घरंगळत गेला, तो तसाच सोडून, पदर सारखा करून त्या कॅमेऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि मॅडमना नमस्कार केला. ती हळद देवीच्या तीर्थाची आहे, म्हणाल्या. पोरीचा काही दोष नाही, तिला नापास करू नका. लहान जीव तहानलेला दिसला, घातलं. उद्या पुन्हा दिसला तर पुन्हा घालीन.

म्हणजे वन्सं देवीपुढं गालात हसायच्या ते ह्यासाठी, हे मला तेव्हा कळलं. आणि मग मलाही बसवेना. मी वन्संच्या मागनं मान पुढं काढून म्हटलं, अंघोळीच्या वेळचं माझं. मला माहीत होतं घालायचं नाही ते, मॅडम, मी तुमची सगळी लेक्चरं ऐकली आहेत. मॅडम म्हणाल्या, कुठून? टेबलाखालनं, मी म्हटलं. आता मॅडमही हसायला लागल्या. एका चौकोनातल्या मुलाची आजी मागून येऊन डोकावून गेली. केतकी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती, वन्सं हसत होत्या, आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तरी मला थांबता येईना. पाच-सहा दिवस एकाच डब्याभोवती चोरपावलांनी फिरलेल्या आम्ही दोघी, एकमेकींना धरून हसत होतो.

हसू ओसरल्यावर केतकीनं शेवटचं पान लावलं. निष्कर्ष. तो तिनं वाचून दाखवला: या घरात दुष्काळाचा प्रयोग करणं शक्य नाही. पाण्याचे तिन्ही उगम वेगवेगळे असले, मापं वेगळी असली, तरी हेतू एकच आहे, रोप जगावं.

मॅडम म्हणाल्या, छान. पुढं काहीतरी लिहून घेत होत्या, तेवढ्यात दाराच्या चौकटीपासून आवाज आला.

"तिथं चूक आहे."

हे पुढं आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, कॅमेरा कुठं आहे ते शोधलं, आणि साहेबापुढं उभं राहतात तसे ताठ उभे राहिले. क म्हणजे कोण हे एव्हाना बार्शीपासून संस्थेपर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं. रोज अगदी वीस मिलि मोजून घालणारं आमच्या घरात दुसरं कोण होतं? ते औषधाचं माप मला आठवलं. मी हसायच्या तयारीत होते. पण ह्यांच्या मानेवरची शीर उडत होती, ती मी लग्नानंतर दोनदाच बघितली होती.

"मॅडम, निष्कर्ष चुकलाय पोरीचा. ह्या दोघींचं बरोबर आहे, त्यांनी रोप जगावं म्हणूनच घातलं. माझं तसं नाही. तीन नंबर ओला केला की प्रयोग बाद होतो, हे मी हिलाच विचारून घेतलं होतं. किती घातलं म्हणजे बाद, तेही विचारलं होतं. तीन दिवस हात आवरला, मग रोज पहाटे पहिल्या गाडीला निघताना मोजून तेवढंच घातलं."

केतकीचा हात तोंडावरनं खाली आला.

"पप्पा, पण का?"

त्यांनी टोपी ह्या हातातनं त्या हातात घेतली. खाटेवरच्या जांभळ्या स्वेटरकडं बघितलं. त्याला आता फक्त एक बाही राहिली होती.

"प्रयोग बिघडला तर नंबर लागणार नव्हता. तू जावंस असं मला वाटत नाही, केतू. ह्या दोघींनाही वाटत नाही, पण त्या मेल्या तरी बोलायच्या नाहीत. चारजणांच्या घरातनं एक गेलं की काय राहतं, ते मला मोजता येईना." मग ते नेहमीच्या, तिकीट देतानाच्या आवाजात म्हणाले, "तेवढं दुरुस्त करून लिही निष्कर्षात. आणि जा."